काळा घोडा ते मिनारा मशीद

मुंबई आम्हा कोकणी मुसलमानांना परकी नाही. आमच्या वाडवडिलांनी बोटीवर आणि गोदीत इथंच घाम गाळला. पण आमची मुंबई म्हणजे भेंडी बाजार, डोंगरी, मोहम्मद अली रोड. क्रॉफर्ड मार्केट ओलांडायचं ते सरकारी कचेरीतल्या कामापुरतं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून काळा घोड्याला उभी आहे; आम्ही नवरा-बायको, दोघंही शिक्षक, तिच्या पायऱ्या प्रथम चढलो ते गेल्या रमजानमध्ये. तेही एका शिबिरात ओळख झालेल्या दोन चित्रकला शिक्षकांमुळं. एक सोलापूर जिल्ह्यातले माळकरी गुरुजी, दुसऱ्या सावंतवाडीकडच्या बाई. ठरलं असं, की दिवसा त्यांनी आम्हाला चित्रं दाखवायची आणि रोजा सुटल्यावर आम्ही त्यांना खाऊ घालायचं.

आत आम्ही चित्राशेजारच्या चिठ्ठ्याच वाचत चाललो होतो. गुरुजी म्हणाले, "सर, आधी चित्र बघा, नाव मागनं वाचा." याच गॅलरीत १९९२ मध्ये हुसेन यांनी 'श्वेतांबरी' मांडलं होतं. पांढरं कापड आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे, बस्स. "आमच्या पंढरपूरचा माणूस," गुरुजी म्हणाले.

१९१५ मध्ये पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले हुसेन खटले आणि धमक्यांमुळं २००६ मध्ये देशाबाहेर गेले, २०१० मध्ये कतारचे नागरिक झाले, २०११ मध्ये लंडनला वारले. हे सगळे सांगतात. आम्हाला आठवलं ते २००४. त्यांच्या 'मीनाक्षी' सिनेमातल्या एका कव्वालीवर आमच्यातल्याच संघटनांनी हरकत घेतली आणि सिनेमा उतरवावा लागला. त्यांना 'आमचा' म्हणायला आम्ही कधी पुढं आलो नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस मात्र सहज म्हणून गेला.

बाईंनी संकोचत विचारलं, "भाभी, तुमच्यात चित्र काढणं पाप ना?"

"काही उलेमा तसं म्हणतात. पण पासपोर्टाला फोटो तेही काढतात."

बाई हसल्या. आम्हालाही बरं वाटलं. हा प्रश्न लोक मनात ठेवतात, तोंडावर विचारत नाहीत.

बाहेर फुटपाथवरच्या चित्रकारांपाशी थोडं थांबून हुतात्मा चौकातून चालत निघालो. वाटेत वडापावच्या गाडीवर घाणा निघत होता. दोघांनी सकाळपासून आमच्यासमोर पाणीदेखील प्यायलं नव्हतं. "तुम्ही खा," आम्ही तीनदा सांगितलं. "आम्हाला एकादशी नवीन आहे का?" गुरुजींनी वाटेला लावलं.

क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर गुरुजींनी बोट वर केलं. दगडात कोरलेले शेतकरी. ही शिल्पं लॉकवूड किपलिंग यांची, समोरच्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकवत. बाजार १८६९ चा, नाव आता महात्मा जोतिबा फुल्यांचं. लहानपणापासून आम्ही इथून फळं नेतो, पण आमची नजर पेटीतल्या आंब्याच्या वर कधी गेलीच नव्हती.

मगरिबची अजान झाली. खजूर सगळ्यांनी बरोबरच तोंडात टाकला. मग मिनारा मशिदीची गल्ली. धूर, शिगेवरचे कबाब, रंगीत दिव्यांच्या माळा आणि माणसांचा लोंढा. गुरुजी मालपुव्याच्या कढईपाशी खिळले. ताटाएवढा मालपुवा तुपात फुगत होता. त्यांनी द्रोणाला हात घातला तसा आम्ही तो धरला.

"गुरुजी, यात अंडं असतं."

ते क्षणभर आमच्याकडं बघत राहिले. "सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

त्यांनी वही काढली आणि कढईवरचा तो घामेजलेला कारागीर चार रेषांत उतरवला. त्यानं झारा बाजूला ठेवून कागद मागून घेतला, दाढीचं काहीतरी पुटपुटला आणि भावफलकाशेजारी खोचून ठेवला. तेलाचा डाग लगेच पडला.

गुरुजींना काय द्यायचं, या विवंचनेत पुढच्या गाडीवर पांढऱ्या, वाफवलेल्या वड्या दिसल्या. बाई ओरडल्याच, "अगो बाई, हे तर सांदण! आमच्याकडं फणसाचं करतात."

"फणसाचं पावसाळ्याच्या तोंडाशी. आमच्याकडं नारळाच्या दुधातलं."

"पण फणसाशिवाय सांदणाला चव कसली?"

या वादात आमची नि बाईंची बरीच रंगली. गुरुजींनी तोवर दुसरी बशी मागवली होती.