बिजली

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात स्वस्थ बसवत नाही. आमच्या आबांचं तेच झालं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं घडवला आणि शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं ओतली गेली, त्या गावच्या मिस्त्रीला एखादी वस्तू तयार विकत आणणं म्हणजे जरा कमीपणाच वाटतो. २०१४ च्या उन्हाळ्यात आबांनी कुणाकडं तरी अंडी उबवायचं यंत्र पाहिलं, त्याची किंमत ऐकली आणि घरी येऊन म्हणाले, "यात हाय काय? ऊबच द्यायची न्हवं?"

मासळीवाल्याकडून थर्माकोलची पेटी आली. दोन पिवळे बल्ब, एक थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरातला पंखा आणि पाण्यासाठी देवघरातली पितळी वाटी. पेटीला चार दिवस माशाचा वास येत होता. कोल्हापुरात पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं एक दिवसाची पिल्लं रीतसर विकत मिळतात, हे आबांना ठाऊक होतं. पण मग पेटी कशाला करायची?

आज्जीला हा प्रकार मुळीच पटला नाही. तिनं आयुष्यभर पाटीत भाताचं पिंजर घालून, वर लोखंडाचा खिळा ठेवून कोंबड्या रवणीला बसवल्या होत्या. खिळा कशाला, तर ढग गडगडले की अंडी बिघडतात म्हणून. "आरं, कोंबडी काय नुसती ऊब देतीया व्हय?" ती आबांना म्हणाली, "ती अंड्यासंगं बोलती. तुझा बलफ बोलनार हाय का?" आबा हसले. पण आज्जी बरोबर होती. शेवटच्या दिवसांत कोंबडी हळू आवाजात कुरकुरत असते आणि आतली पिल्लं कवचातून चिवचिवून तिला उत्तर देतात, हे आता शास्त्रज्ञही सांगतात.

पेटीचं गणित तसं सोपं, पण माणसाला बांधून घालणारं. तापमान ३७.५ अंश सेल्सिअस हवं. अर्धा अंश इकडंतिकडं चालतो, दोन अंश चढून राहिलं तर गर्भ मरतो, उतरलं तर उबणं लांबतं आणि निघणारं पिल्लू मरतुकडं निघतं. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर आतला जीव एका बाजूला कवचाला चिकटतो. आबांनी प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीनं फुली काढली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल, रात्री पुन्हा फुली, दुसऱ्या दिवशी याच्या उलट. पगारी नोकरीत त्यांनी एवढी वेळ पाळली नसेल. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वीपासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये अंडी उबवतात. तिथले कारागीर थर्मामीटर नसताना अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. आज्जी अंडं गालाला लावायची आणि म्हणायची, "आज जरा कमी हाय." आबा काटा बघायचे. बहुतेक वेळा कमीच असायचं.

सातव्या रात्री दिवे घालवून, बॅटरीच्या उजेडावर अंडी धरली. ज्यांत जीव होता त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा काळा ठिपका दिसला. ज्यांत नव्हता ती नुसती पिवळी, स्वच्छ. ती बाजूला काढली. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, पेटीत पाणी वाढवायचं आणि झाकण उघडायचं नाही. हवा कोरडी राहिली तर कवचाच्या आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळून टाकतो. घरातला प्रत्येकजण मग पेटीच्या काचेच्या खिडकीला डोळा लावायला कारण काढू लागला. आईची भाजीसुद्धा पेटीशेजारी बसून निवडली जाऊ लागली.

विसाव्या दिवशी संध्याकाळपासून पिल्लं फुटू लागली. चोचीच्या टोकावर एक पांढरा टणक दाणा असतो, त्यानं ती आतून कवचाला टोचा मारतात आणि मग तासन्‌तास दम खातात. घाई माणसालाच असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकीची निघाली, एक अंडं टोचा मारून तसंच राहिलं. आणि चारच्या सुमाराला वळीव आला. कोल्हापूरचा वळीव ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. धुळीचा लोट, गारा, कुठल्या तरी रस्त्यावर आडवं झालेलं झाड, आणि वीज गेली ती गेलीच.

पेटी गार पडू लागली. निघालेली पिल्लं आईनं रॉकेलच्या कंदिलाजवळ टोपलीत ठेवली. त्या राहिलेल्या अंड्याचं काय करायचं ते आबांना सुचेना. आज्जीनं काही न विचारता ते उचललं, ओल्या फडक्यात सैल गुंडाळलं आणि लुगड्याच्या ओच्यात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली. रात्रभर ती त्याच्याशी बोलत होती. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. पहाटे ओचा हलला. काळं, ओलं, मान टाकलेलं एक पिल्लू बाहेर आलं. वीज त्यानंतर कितीतरी तासांनी आली. आबांनी नाव ठेवलं बिजली.

पिल्लू अंड्यातून येताना उरलेला बलक पोटात ओढून घेऊनच येतं, म्हणून दोन दिवस त्याला अन्नपाणी नसलं तरी भागतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून गावोगाव पाठवता येतात ती याच जोरावर. आमच्याकडं मात्र पहिल्याच दिवशी गुळाचं पाणी झालं, मग कण्या, मग मक्याचा भरडा. खोक्यात तूस पसरलं, वर बल्ब टांगला. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघावीत हे खरं: बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडतंय.

लशीची गंमत वेगळीच. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की खुराडं रिकामं करूनच जाते. तिच्यावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. पण कुपी निदान शंभर पिल्लांची, आणि फोडली की दोन-तीन तासांत संपवायची. आमच्याकडं शंभर पिल्लं कुठली? मग गल्लीतली, मागच्या वस्तीवरची, जोतिबाच्या वाटेला राहणाऱ्या पाहुण्यांचीसुद्धा पिल्लं त्या सकाळी डालग्यांतून आमच्या परड्यात आली. चहाला साखर कमी पडली, पण कुपी पुरी संपली.

बिजली या सगळ्या गोतावळ्यात कधी रमलीच नाही. डोळे उघडल्यावर तिला पहिलं जे हलतं दिसलं ते आज्जीचं हिरवं लुगडं. कोन्राड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागं हंसांची पिल्लं अशीच लागायची. पहिल्या काही तासांत जे हलताना दिसेल त्याला पिल्लू आई मानतं, हे त्यानं त्यांच्यावरून दाखवलं. प्राण्यांच्या वागण्यावरच्या कामासाठी त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. आज्जीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मला बी द्या की." ती चुलीकडं गेली की बिजली चुलीकडं, ती तुळशीकडं की ही तुळशीकडं. आज्जी दुसऱ्या रंगाचं लुगडं नेसली की दिवसभर ओरडा. तिच्याबरोबरचे कोंबडे यथावकाश तांबड्या रश्शात गेले. कोल्हापुरात त्याबद्दल कुणी दुखवटा पाळत नाही. बिजलीकडं मात्र कुणी त्या नजरेनं पाहिलं नाही.

मोठी झाली तशी काळीभोर, मानेवर सोनेरी झाक, तुरा एका बाजूला कललेला. स्वतःला कोंबडी समजायला तिनं फार वेळ लावला. इतर कोंबड्या खुराड्यात शिरल्या तरी ही उंबऱ्यावर. पहिलं अंडं आज्जीच्या वाकळेत घातलं आणि अख्ख्या आळीला ओरडून सांगितलं. घार दिसली की मात्र दुसऱ्या कोंबड्यांच्या आधी तिचा आवाज निघायचा.

आणि मग ती खुडूक बसली.

आम्ही सगळे बघतच राहिलो. पिसं फुगवलेली, गळ्यातून ती घोगरी खुडखुड, हात जवळ नेला की चोच. दिवसातून एकदाच उठायची, खाऊन-पिऊन, धुळीत लोळून अर्ध्या तासात परत. छातीची पिसं झडून उघडी कातडी थेट अंड्यांना टेकवायची, चोचीनं अंडी दिवसभर फिरवायची. आबांची फुली आणि गोल तिला लागले नाहीत. जिनं आई पाहिली नाही, जी खुराड्यात वाढली नाही, जी माशाच्या पेटीत आणि म्हातारीच्या ओच्यात जन्मली, तिला हे कुणी सांगितलं? आज्जीचं ठाम मत होतं, "म्या सांगितलं, त्या राती."

खुडूक मोडायचे गावठी उपाय आहेतच: गार पाण्यात बुडवायची, डालग्याखाली कोंडायची, काहीजण तर नाकात पीस ओवतात. कारण खुडूक कोंबडी अंडी घालत नाही. मोठ्या धंद्यानं यावर कायमचा इलाज केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कोंबड्या बसत नाहीत त्यांचीच पैदास केली. पांढरी लेगहॉर्न आज वर्षाला ३०० च्या आसपास अंडी घालते, आणि तिला सहसा बसावंसंच वाटत नाही. आमची गावठी जेमतेम साठ-सत्तर. तोट्याचा हिशेब मला कळतो. पण जी जात यंत्राशिवाय स्वतःची पिढी पुढं नेऊ शकत नाही तिला सुधारलेली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२०१९ च्या आषाढाच्या अखेरीस ती पुन्हा बसली. पावसाळ्यात पिल्लं जगत नाहीत म्हणून आज्जी नको म्हणत होती. त्याच वेळी आबांची पेटी कडकनाथच्या महागड्या अंड्यांनी भरलेली होती. त्या वर्षी कडकनाथचं वेड जोरात होतं. पुढं महिनाभरात इस्लामपूरकडचा घोटाळा बाहेर आला आणि शेतकरी पोळले, ते वेगळं. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, त्या आठवड्यात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहरात नळाला पाणी नाही, आणि आमच्याकडं दिवसचे दिवस वीज नाही. आबांनी पेटीला इन्व्हर्टर जोडला, तो एका रात्रीत बसला. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, पण गॅस जपून वापरायचा होता. कडकनाथची अंडी गेली.

बिजलीला पाटीसकट वरच्या खोलीत नेलं होतं. पाटी उचलताना ती हातावर चोच मारत राहिली, पण उठली नाही. खाली गल्लीच्या तोंडाशी पाणी, वर पत्र्यावर पाऊस, आणि ही डोळे मिटून. १५ ऑगस्टला, राखी पौर्णिमेच्या दिवशी, तिच्या पंखाखालून पहिलं तोंड बाहेर आलं. आज्जीच्या भाकिताप्रमाणे ओलीनं काही पिल्लं दगावली. बाकीची तिनं वाढवली, आणि घार आली की कसं दडायचं तेही शिकवलं.

ती गेली २०२१ च्या थंडीत, म्हातारपणानं. शेवग्याखाली पुरली. आता परड्यात तिच्या दोन लेकी आहेत. अंडी बेताचीच घालतात आणि दोघीही खुडूक बसतात. घरात पिल्लं आता त्यांच्याखालीच निघतात. आबांची पेटी अजून उत्तम चालते. कुणाला हवी असेल तर त्यांनी ती फुकट द्यायची तयारी ठेवली आहे, विजेचं मात्र ज्याचं त्यानं बघावं.