खिडकी, टेबल, कपाट

चंद्रपूर, १७ एप्रिल

ती. बाबा,


सुखरूप पोचले. सकाळी नऊलाच जटपुरा गेटपाशी ऊन चटके देत होतं. निघताना तुम्ही विचारलंत, ‘फुल स्टॅक म्हणजे नेमकं काय शिकवणार?’ घाईत उत्तर राहून गेलं. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसवरूनच सांगते.

सभासद खिडकीशी येऊन अर्ज भरतो, ती वेबसाइटची दर्शनी बाजू. तिचा सांगाडा एचटीएमएलचा, रूप सीएसएसचं, हालचाल जावास्क्रिप्टची. आत टेबलाशी तुम्ही बसायचात. सही तपासायची, बाकी पाहायची, अर्ज नियमात बसतो का ते ठरवायचं. ते काम सर्व्हरवरचा प्रोग्राम करतो. मागच्या कपाटातली किर्द-खतावणी म्हणजे डेटाबेस. या तिन्ही ठिकाणचं काम ज्याला येतं तो फुल स्टॅक. मोठ्या कंपन्यांत या कामांना वेगवेगळी माणसं असतात. मी निघालेय तिथे एकालाच सगळं यायला हवं, कारण काही बंद पडलं तर धावून येणारं दुसरं कोणी नाही.

गडचिरोली, १९ एप्रिल

ती. बाबा,

मूल, सावली करत काल वैनगंगा ओलांडली. वाटेत अंगणांतून मोहफुलं वाळत घातलेली दिसली. आता सगळ्यांचे डोळे तेंदूच्या हंगामाकडे आहेत. बाया पहाटे जंगलात जातात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, मोजून देतात. तिथे वहीत जो आकडा चढतो, तीच त्यांची मजुरी.

ही वही आता पुष्कळ गावांत ग्रामसभेची आहे. त्यामागे २००६ चा वनहक्क कायदा आहे. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, आणि त्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावं लागलं. मालकी आली की हिशेबाची जबाबदारीही येते. मला इथल्या पोरांनी बोलावलंय ते त्यासाठीच: हिशेबाची वेबसाइट करायला शिकवायला.

धानोरा तालुका, २४ एप्रिल

ती. बाबा,

समाजमंदिरात वर्ग भरतो. अकरा मुलंमुली, पाच लॅपटॉप. परवा एकीने पुड्यांच्या रकान्यात ‘५०’ लिहिलं, आणि ही संख्याच नाही म्हणून फॉर्म अडला. ती म्हणाली, ‘मॅडम, आकडा तर बरोबर आहे. मग हे नाही का म्हणते?’

कारण जावास्क्रिप्टला देवनागरी अंक हे नुसतं अक्षर वाटतं. तोच ‘५०’ सर्व्हरवरच्या पायथनला दिला, तर तो निमूट पन्नास धरतो. खिडकीला न कळलेलं टेबलाला कळलं! मग त्या मुलीनेच दहा अंकांची जोडी लावणारा छोटा प्रोग्राम लिहिला. आता आजीने सांगितलेला आकडा नात मराठीत लिहिते आणि फॉर्म तो घेतो. मात्र खिडकीवर तपासलं तरी टेबलाशी पुन्हा तपासायचंच, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. खिडकी वापरणाऱ्याच्या हातात असते, तिला चुकवून थेट आत कागद सरकवता येतो.

दुसरी अडचण रेंजची. फळीवर ती नसतेच. म्हणून नोंद आधी मोबाइलमध्येच साठते आणि रेंजमध्ये आल्यावर सर्व्हरला जाते. पण पोच मिळण्याआधी रेंज गेली, तर मोबाइल तीच नोंद पुन्हा पाठवतो, आणि पन्नासाचे शंभर पुडे होतात. उपाय तुमच्या पावतीपुस्तकातला आहे: प्रत्येक नोंदीला तिथेच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर डेटाबेस तो घेत नाही. मुलांना हे सांगताना तुमचं पावतीपुस्तक डोळ्यांपुढे होतं.

यंदा कागदी वही आणि आमची वेबसाइट दोन्ही चालतील, रोज रात्री ताळा जुळवायचा. वही बंद करायची की नाही, ते हंगामानंतर ग्रामसभा ठरवेल. हिशेब त्यांचा आहे.

माळ्यावर सोसायटीची कोरी पावतीपुस्तकं उरली असतील, तर दोन पाठवा. पुढच्या तुकडीला पहिला धडा त्यावरूनच देणार आहे.

तुमची लेक