डावीकडे वळताना



आमची चेतक अजून आहे का, असे पुण्याच्या भाचीने विचारले आहे. आहे बाई, १९९२ सालची, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारी. २०२० पासून त्याच नावाची विजेची स्कूटर मिळते, तिला आवाजच नाही. आमची गल्लीच्या तोंडाशी आली की घरात चहाचे आधण ठेवतात.

गेल्या पावसाळ्यापासून तिचा पुढचा दिवा लपाछपी खेळू लागला. लागला तर लख्ख, नाहीतर मध्येच गुडूप, आणि दोन मिनिटांनी आपोआप हजर. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. त्याने आधी बल्ब बदलला, मग होल्डर, मग डिपरचा स्विच. दरवेळी गाडी स्टँडवर लावून चालू करायचा, दिवा शहाण्या मुलासारखा लागायचा, आणि मी पैसे देऊन घरी यायचो.

कार्तिकात आम्ही दोघे एरंडोलला लग्नाला गेलो होतो. तिथून पद्मालय जवळच, म्हणून गणपतीचे दर्शन घ्यायला निघालो. परतताना अंधार पडला. त्या रस्त्याला वळणे फार, बाजूला झाडी. एका वळणावर दिवा गेला आणि समोर कापसाने भरलेली बैलगाडी! ब्रेक दाबला, गाडी घसरली, पण पडलो नाही. गाडीवान खाली उतरून शांतपणे म्हणाला, "दिवा नही शे का गाडीले, बाबा?" त्याच्या बैलगाडीलाही नव्हता, पण मी काय बोलणार? ही मागून काहीतरी सांगू लागली. मी म्हटले, "आता तू गप्प बस, मला रस्ता बघू दे." ती जळगावपर्यंत गप्पच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या मुलाला बोललो. मुलगा कसला, पन्नाशीचा बाप्या. "शाळेतही तू असाच होतास, अर्धे गणित सोडवून वही मिटायचास!" त्याने मान खाली घातली. हे लिहिताना अजून लाज वाटते.

संध्याकाळी तो स्वतःच घरी आला. पान्हा, पकड, टेप सगळे पिशवीत. ओट्यावर बसून म्हणाला, "सर, दिवा नेमका कधी जातो?" मी म्हटले, "केव्हाही." तेवढ्यात आतून उत्तर आले, "केव्हाही नाही. डावीकडे वळलो की जातो. पद्मालयाहून येताना तीनदा गेला, तिन्ही वेळा डावीकडेच."

"काकू, मागचा लाल दिवा तेव्हा चालू असतो का?"

"असतो. रस्त्यावर लाल उजेड दिसतो ना."

तो एकदम उठला. मला त्याने समजावले ते असे. या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोवर चालतो. आमच्या वेळच्या सायकलच्या डायनामोसारखा. म्हणून उभ्या गाडीत तो मंद आणि रेस केल्यावर प्रखर होतो, तो दोष नव्हे. मागचा दिवा चालू राहतो म्हणजे वीज तयार होते आहे. बिघाड पुढे कुठेतरी, आणि हँडलबरोबर हलणाऱ्या जागी. गॅरेजमध्ये हँडल सरळच असे, म्हणून तिथे कधी सापडला नाही.

अंगणातला दिवा मालवला, इंजिन चालू ठेवले. भिंतीवर उजेडाचा गोल. हँडल डावीकडे केले, गोल गेला. सरळ केले, आला. मग गाडी बंद करून हँडलवरचे झाकण उघडले आणि तो एकेक वायर बोटांनी हलकेच ओढून बघू लागला. एक वायर रबरासारखी ताणली गेली. वरचे प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार तीस वर्षे वळून वळून तुटलेली. हँडल सरळ असले की टोके टेकायची, वळले की सुटायची. त्याने तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, डाग दिला, वर नळी चढवली आणि वळायला जरा ढील ठेवली. अर्थिंगच्या स्क्रूखालचा गंजही कानशीने खरवडला.

पैसे विचारले तर म्हणाला, "स्विच उगाच बदलला होता सर, त्यात धरा." मी त्याला सकाळच्या बोलण्याबद्दल काही म्हणू लागलो, तर त्याने पिशवी आवरायला घेतली. चहा मात्र प्यायला.

तो गेल्यावर मी पुन्हा इंजिन चालू केले. डावीकडे वळवले, गोल भिंतीवरच. बंद करणार तेवढ्यात ही ओट्यावरून म्हणाली, "अहो, उजवीकडेही बघा एकदा."

वळवले.