डाकोटाचं दार

पनवेल

प्रिय मंजू,

तू पाठवलेला फोटो पाहिला आणि सगळ्यात आधी त्या जुन्या विमानाचं दार शोधलं. डाव्या अंगाला, शेपटीकडे, दोन मोठ्या झडपांचं! मंजू, ते नुसतं डीसी-३ नाही, ते सी-४७, आपला डाकोटा. तू राहतेस त्या लाँग बीचमध्येच डग्लसच्या कारखान्यात युद्धकाळात अशी हजारो विमानं तयार झाली.

मूळ डीसी-३ चं जन्मसाल १९३५. २१ प्रवाशांसाठी गुबगुबीत खुर्च्या, नाहीतर रात्रीच्या प्रवासाला १४ बर्थ. प्रवासी एकेक करून चढणार, म्हणून दार बेताचंच. लष्कराला मात्र त्यातून आख्खी जीप आत न्यायची होती. मग दार रुंदावलं, फरशी मजबूत केली आणि सामान बांधायला तिच्यात कड्या बसवल्या. खुर्च्या गेल्या, भिंतींना लागून घडीची बाकं आली. त्यांवर पाठीवरच्या सरंजामासकट २८ सैनिक बसत. वैमानिकाच्या मागे छपरावर काचेची छोटी घुमटी आली, कारण परक्या मुलखात रेडिओचा भरवसा नाही, नेव्हिगेटरला तारे बघून वाट काढावी लागे. ग्लायडर ओढता यावं म्हणून शेपटीचं टोकही आखूड केलं. खिडक्यांच्या काचांना तर बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती गोल भोकं होती! मी त्या भोकांपाशी फार वेळ अडकते. उडत्या मालगाडीतून कुणावर नेम धरणार होते बिचारे?

आपल्याकडे गंगा उलटी वाहिली. युद्ध संपल्यावर उरलेले डाकोटा स्वस्तात मिळाले, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांना प्रवासी रूप दिलं गेलं आणि आपल्या विमान कंपन्या त्यांवर उभ्या राहिल्या. म्हणजे अमेरिकेत प्रवासी विमानाचा शिपाई झाला, इथे शिपायाचा प्रवासी. आणि हे रूपांतर पक्कं होतंय तोच २७ ऑक्टोबर १९४७ उजाडला. काश्मीर वाचवायला पहिली शीख पलटण श्रीनगरला न्यायची होती. हवाई दलाची विमानं पुरेनात, तेव्हा नागरी कंपन्यांचे डाकोटाही निघाले. खुर्च्या काढल्या की विमान पुन्हा सैन्याचं. इतकी सोपी अदलाबदल आजच्या विमानांत होत नाही. उलव्याचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या डोक्यावरून जाणारी विमानं मी बघते ना, सुंदर आहेत, पण ती एकाच कामासाठी जन्मलेली.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो नागपूरचा डाकोटा. १९४९ पासून रात्रीच्या टपालासाठी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांहून विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. जीपसाठी रुंद केलेल्या त्या दारातून पोत्यांनी पत्रं आत-बाहेर होत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला!

माझ्या पत्राला तेवढ्याच वेगानं उत्तर दे.

तुझी,
सुमा