एकच आजार, दोन चिठ्ठ्या

आम्हा नवरा-बायकोला एचआयव्ही आहे. आजार एकच, पण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराच्या, केंद्रातून राधानगरीला परतताना दोघांच्या चिठ्ठ्या निराळ्या. तिला रात्री एक गोळी. मला तीच गोळी आणि बारा तासांनी आणखी एक छोटी. माझा आजार जास्त बळावलाय का, या विचारानं मी हबकलो होतो. एसटीत हे बोलायचं तरी कुणाशी!

गोंधळ आधीपासूनचाच होता. राधानगरीत तीन वेगवेगळ्या चाचण्यांनंतर निदान पक्कं झालं. मला वाटलं, आता गोळ्या इथंच मिळतील. पण सुरुवात एआरटी केंद्रातले या औषधांचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टरच करतात, असं समुपदेशकांनी सांगितलं. तिथं सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी), यकृत, मूत्रपिंड, कावीळ-बी सगळं तपासलं. खोकला किती दिवसांचा, वजन उतरलंय का, हेही खोदून विचारलं. माझा क्षयरोग तिथंच सापडला. मग क्षयाची औषधं आधी सुरू झाली, एआरटी काही दिवसांनी. मुख्य दुखणं बाजूला का ठेवलं, तेही मला उमजेना.

पुढच्या खेपेला धीर करून विचारलं. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून समजावलं. त्या एका गोळीत तीन औषधं असतात : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृताचं काम इतकं वाढवतं, की डोल्युटेग्राविर रक्तातून लवकर संपतं. औषध कमी पडलं की विषाणू त्याला दाद देईनासा होतो. म्हणून मला ५० मिलिग्रॅमची दुसरी गोळी; रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची. दोन्ही उपचार एकाच दिवशी सुरू केले असते, तर अंगावर पुरळ किंवा उलटी कशानं आली ते कळलं नसतं. शिवाय प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की दबलेला क्षय उसळू शकतो.

बायकोला लोहाच्या गोळ्या चालू होत्या. उपाशीपोटी लोह आणि डोल्युटेग्राविर एकत्र घेतलं तर औषध अंगी लागत नाही. म्हणून तिला एआरटीची गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायला सांगितली. टेनोफोविरमुळे दोघांच्याही मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं.

सरकारनं एचआयव्हीची औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा सीडी फोर ठरावीक पातळीखाली उतरेपर्यंत थांबावं लागे. २०१७ पासून निदान होताच उपचार मिळतात. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, तपासतात. तो हजाराच्या वर आला तरी लगेच गोळी बदलत नाहीत. डोस चुकतायत का ते पाहतात, पुन्हा तपासतात आणि मग राज्याच्या तज्ज्ञ समितीचं मत घेतात. गोळी एवढीशी असली तरी ती ठरवायला किती जाणतं माणूस लागतं, ते मला आता कळतंय.

म्हणून नव्यानं उपचार घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो : पित्ताचं औषध, कॅल्शियम, वैद्याचा काढा, काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. तुमची माहिती परवानगीशिवाय बाहेर सांगायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मनाई केली आहे. चिठ्ठी कळली नाही तर तिथंच विचारा, आणि घरी आल्यावर शंका आली तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा. गोळी मात्र मनानं बंद करू नका.