टॅग काढण्याचा उद्योग

बाबा रिटायर झाले आणि आठवणी लिहायला बसले. (रिटायर्ड माणसाला हे करावंच लागतं असा बहुधा जीआर आहे.) चाळीस पानं, वर्डमध्ये, स्वतः टाईप केलेली. फॉन्ट पाच प्रकारचे, मधेच बोल्ड, मधेच निळी अक्षरं. मला म्हणाले, "जरा साफ करून दादाला पाठव रे. त्याला वाचायचंय."

आता चाळीस पानं हातानं कोण साफ करणार? इंजिनियर कशाला झालो मग! डॉक्सएक्स फाईल म्हणजे खरं तर झिप फाईल. २००७ च्या वर्डपासून हे असंच आहे. एक्स्टेन्शन बदलून झिप करायचं, उघडायचं, आत 'वर्ड' फोल्डर आणि त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल. सगळा मजकूर तिथे.

उघडली आणि हबकलो. 'कऱ्हाड' हा एवढासा शब्द तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याभोवती टॅगांचं कुंपण. फाईल कितीदा उघडून बदलली त्याच्या खुणासुद्धा वर्ड जपून ठेवतो. बोल्डचेही टॅग दोन, एक इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी आणि एक देवनागरी-अरबीसारख्यांसाठी. च्यायला, एवढा पसारा!

म्हटलं, सरळ झाडू मारू. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. परिच्छेद संपल्याचा टॅग दिसला की नवी ओळ, बाकी कोनी कंसात जे काही असेल ते उडव. मग मथळ्यांना माझे स्वच्छ एचटीएमएलचे टॅग लावले, पीडीएफ केली आणि कऱ्हाडच्या थोरल्या काकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. रविवारी सकाळी, दुसऱ्या चहाच्या आत. स्वतःवरच खूश!

संध्याकाळी काकांचा फोन आला, बाबांना. बाबा बराच वेळ नुसते ऐकत होते. ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, ते वाक्य मी खोडलं होतं."

वाक्य असं होतं: 'दादानं त्या वर्षी फी भरली असती तर माझं कॉलेज सुटलं नसतं.'

झालं होतं ते असं. बाबांच्या वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू होतं, आणि 'नो मार्कअप' निवडलेलं असल्यामुळे त्यांना खोडलेलं दिसत नव्हतं. पण न दिसणं म्हणजे जाणं नव्हे. वर्ड ते वाक्य पुसत नाही, त्याच्याभोवती 'डेल'चा टॅग लावून जागेवरच ठेवतो, वर कोणी खोडलं आणि कधी, तेही लिहितो. माझ्या स्क्रिप्टनं टॅग उडवला. आतलं वाक्य राहिलं, बाकीच्या वाक्यांसारखंच साधंसुधं. कचरा म्हणून मी जे झाडलं, त्यात बाबांचं 'हे नको' होतं.

स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, 'डेल'च्या आतलं सगळं आधी काढून टाकणारी. दोन मिनिटांचं काम. आधी कळलं असतं तर... असो.

काका फोनवर काय म्हणाले, मी आईला विचारलं. म्हणाली, "भावजींनी विचारलं, पन्नास वर्षं बोलला का नाहीस?"

त्यानंतर दोनदा फोन झालाय दोघांचा. दार लावून. मी बाबांना विचारलं, वाक्य कायमचं काढू का? एका क्लिकचं काम आहे. तर म्हणाले, "थांब जरा. दादा येणारे दिवाळीला."

फाईल तशीच आहे. वाक्यही आहे, 'डेल'च्या आत.