दुखायचे थांबले म्हणजे

दाताने मराठी भाषेची सेवा पुष्कळ केली आहे. दातओठ खाणे, दात विचकणे, दात धरणे, दाती तृण धरणे, दात घशात घालणे, दातखिळी बसणे, दातांच्या कण्या होणे. शिवाय चण्यांची आणि हत्तीची म्हण आहेच. द्वितीय वर्षाच्या वर्गात वाक्प्रचार शिकवताना ही यादी फळ्यावर लिहीत गेलो, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ह्यांतला एकही दात दुखत कसा नाही?" प्रश्न मार्मिक होता. वाक्प्रचारांतला दात हे शस्त्र असते, देखावा असतो, नाही तर शरणागतीची खूण असते. 'आपलेच दात, आपलेच ओठ' या म्हणीतसुद्धा दुखते ते ओठाला.

साहित्यातही दातदुखीला मानाचे पान क्वचितच मिळाले. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात ही तक्रार करून ठेवली आहे: प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंक्तीला साहित्याने आजाराला बसवलेले नाही, आणि उपेक्षितांच्या त्या यादीत तिने दातदुखीचाही उल्लेख केला आहे. अपवाद आहेत. दस्तयेवस्कीच्या १८६४ मधल्या 'तळघरातल्या' निवेदकाने दाढदुखीने कण्हणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या कण्हण्यातला आत्मरंजनाचा भाग उघडा पाडला. टोमास मानच्या 'बुडेनब्रूक्स'मध्ये घराण्याचा कर्ता पुरुष कोसळतो तो दाढ काढण्याच्या फसलेल्या प्रयत्नानंतर, भर रस्त्यात. मला सर्वांत खरा वाटतो तो टॉल्स्टॉय. अ‍ॅनाच्या मृत्यूनंतर युद्धावर निघालेला व्रॉन्स्की रेल्वेच्या फलाटावर उभा आहे आणि दाढेच्या ठणक्यामुळे त्याला धड बोलताही येत नाही. एवढ्या मोठ्या दुःखात ही क्षुद्र वेदना लेखकाने का घातली असावी? माझ्या मते, देहाला दुःखांची प्रतवारी कळत नाही हे टॉल्स्टॉयला माहीत होते. आपल्याकडे मात्र दाढदुखी बहुतांशी विनोदी लेखकांच्या वाट्याला आली. सुजलेला गाल, डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेले फडके, दवाखान्याच्या दारातून माघारी पळणारा नायक. दुखणाऱ्याला हसू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तरीही ग्रंथांनी सोडून दिलेले हे क्षेत्र बोलीने अत्यंत बारकाईने नांगरले आहे. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात 'आंबतात'. गार पाण्याने ते 'शिवशिवतात'. गोड लागले की 'कळ' जाते, क्षणात येते आणि क्षणात ओसरते. पुढे 'ठणका' लागतो, तो ओसरत नाही. आणि अखेरीस हिरडीशी 'ठुसठुस' सुरू होते, गळवात होते तशी. हे शब्द आपण एकमेकांचे पर्याय म्हणून वापरत नाही. 'माझा दात ठुसठुसून आंबला' असे कोणी म्हणणार नाही. दंतवैद्य खुर्चीत बसवून जे प्रश्न विचारतो (गारने दुखते की गरमने, किती वेळ टिकते, आपोआप दुखते का, चावल्यावर दुखते का) त्यांची उत्तरे या पाच क्रियापदांत जवळजवळ तयार असतात.

याचे कारण दाताच्या रचनेत आहे. बाहेरचे एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज. त्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून ते झिजताना किंवा पोखरले जाताना दुखत नाही. आणि जिवंत पेशी नाहीत, म्हणून गेलेले पुन्हा उगवत नाही. त्याखालच्या डेंटीनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. एनॅमल वा हिरडी हटून या नलिका उघड्या पडल्या, की गार पाण्याने तो द्रव हलतो आणि आतल्या तंतूंना डिवचतो. ही शिवशिव. सुश्रुतसंहितेतल्या आठ दंतरोगांत, थंड वस्तू आणि स्पर्श सहन न होण्याच्या या अवस्थेला 'दंतहर्ष' म्हटले आहे. विद्यार्थी हा शब्द ऐकून हसतात. पण हा हर्ष आनंदाचा नव्हे, रोमहर्षातला, शहारण्याचा.

सर्वांत आत दाताचा गर असतो. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ जीव, चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला. बोटाला जखम झाली की बोट सुजते, सुजायला जागा असते. गराला ती नसते. दाह वाढला की दाब वाढतो, आणि नाडीच्या ठेक्यावर ठणके बसू लागतात. आडवे झाले की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून दाढ रात्रीच वैरीण होते. शिवाय नेमका दात कोणता हे गराला सांगता येत नाही. खालची दाढ किडलेली असते आणि माणूस वरची दाखवतो, किंवा कान दुखतो म्हणतो. संसर्ग मुळाच्या टोकातून बाहेर, दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचला, की मग बोट अचूक त्याच दातावर जाते. तो दात लांब झाल्यासारखा वाटतो, चावताना आधी लागतो. ही ठुसठुस.

ठणका आणि ठुसठुस यांच्या दरम्यान बरेचदा एक अवस्था येते, आणि तिच्यासाठी मराठीत शब्द नाही. गर मरतो. मेलेल्या गराला वेदना नाही. तीन रात्री न झोपलेला माणूस चौथ्या रात्री गाढ झोपतो आणि सकाळी सांगतो, "थांबलं." शब्द नाही, म्हणून आपण 'बरे झाले' हा शब्द तिथे वापरतो.

माझ्या आत्याने तोच वापरला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, २०११ च्या उन्हाळ्यात, तिची खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेवटी ती तोंडात गार पाणी धरून बसू लागली. पाणी कोमट झाले की थुंकायचे आणि नवे धरायचे. गारव्याने उतार पडतो ही गर शेवटाला आल्याची खूण असते, हे मला पुढे कळले. मग ठणका थांबला. तीन आठवड्यांनी तिच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना दगडासारखी सूज आली. तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, जीभ वर उचलली गेली होती. ज्या दातखिळीला आम्ही वाक्प्रचारांत नेऊन बसवले आहे ती प्रत्यक्ष पाहिली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. शल्यचिकित्सकांनी सांगितले की या विकाराला लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरचे नाव आहे, त्याने १८३६ साली त्याचे वर्णन केले. आणि खरा धोका दाताला नसून श्वासाला आहे. त्यांनी जबड्याखाली छेद देऊन पू काढला, शिरेतून औषधे दिली, दाढ उपटली. नऊ दिवसांनी ती घरी आली.

दाखल करताना तिला एक प्रश्न विचारला गेला होता: "तंबाखू खाता का?" तिने मान हलवून नाही म्हटले. ती खोटे बोलत नव्हती. ती मशेरी 'लावत' होती, चाळीस वर्षे, आणि सुरुवात दाढ दुखली म्हणूनच झाली होती. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. तिच्यामुळे हिरडीला बधिरपणा येतो, तल्लफ लागते आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट खुली होते. परंतु 'खाणे' हे क्रियापद पुरुषांच्या चुनातंबाखूसाठी राखीव. बायका कुंकू लावतात, काजळ लावतात, तशी मशेरी लावतात. कागदावर 'तंबाखू: नाही' असे लिहिले गेले. व्याकरणाने एवढे मोठे काम केलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

असाच एक शब्द 'कीड'. सुश्रुताचा 'कृमिदंतक', आपली 'दातात आळी पडली'. प्राचीन बॅबिलोनियातल्या एका मृत्तिकापट्टावर तर किडा देवापाशी दातात राहायला जागा मागतो अशी कथाच आहे. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची आणि युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत. उष्णतेने बी फुटून बाहेर पडणारे पांढरे अंकुर म्हणजे पडलेले किडे, अशी रोग्याची खात्री पटे. पॅरिसच्या प्येर फोशारने १७२८ च्या आपल्या ग्रंथात या किड्यावर अविश्वास दाखवला. १८९० मध्ये विलोबी मिलरने मांडले की तोंडातले जंतू अन्नातल्या पिष्ट-शर्करेपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते. शब्दाची चूक येथे निरुपद्रवी राहत नाही. किडा म्हटला की तो बाहेरून येतो, मारता येतो, धुरी देऊन पाडता येतो. आम्ल म्हटले की प्रश्न आपल्या दिनक्रमाकडे वळतो.

आम्ही प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये तासागणिक गोड चहा घेतो. प्रत्येक घोटानंतर दातावरचे आम्ल वाढते. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले खनिज सुटू लागते. लाळ ते आम्ल निवळवते, सुटलेले खनिज थोडेफार परतही बसवते. पण तिला अर्धापाऊण तास तरी लागतो आणि तेवढ्यात पुढचा कप येतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे अधिक महत्त्वाचे. जेवणाबरोबरचा लाडू तुलनेने परवडतो, दिवसभर चघळलेली गोळी परवडत नाही. झोपेत लाळ आटते, म्हणून रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षा मोलाचे; आणि आपल्याकडे नेमके तेच नाही, कारण दात घासणे हा आपल्या लेखी प्रातर्विधी. फ्लोराइडची पेस्ट आम्लापुढे एनॅमलला अधिक टिकाऊ करते. राखुंडीने दात चकचकतात, पण राखुंडी ते काम करीत नाही. भरड असली तर उलट झिजवते.

उपचारांविषयी फार लिहीत नाही, ते दंतवैद्यांनी लिहावे. लवंगेची मात्र बाजू घेतो: तिच्यातले युजेनॉल खरोखरच बधिरता आणते, आणि झिंक ऑक्साइडबरोबर मिसळून दंतवैद्यांनीही ते तात्पुरत्या भरणीसाठी वापरले आहे. पण ती रात्र काढून देते, दात वाचवत नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरू नये, हिरडी भाजते. मनाने घेतलेल्या अँटिबायोटिक्सनी कोंडलेल्या गराचा ठणका जात नाही. खड्डा लहान असताना भरणी पुरते. गर गेला की तो काढून नलिका साफ करून बुजवाव्या लागतात, ज्याला आपण 'रूट कॅनाल' म्हणतो. तेही शक्य नसेल तर दात काढायचा. वरचा दात काढला की डोळा अधू होतो, ही समजूत निराधार आहे. आणि भीती वाटत असेल त्याने एवढे आठवावे की शस्त्रक्रियेतली वेदना घालवण्याचा शोध रेटला तो दातवाल्यांनीच. हार्टफर्डच्या होरेस वेल्सने १८४४ च्या डिसेंबरात नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक करणारा मॉर्टनही दंतवैद्यच.

काढलेली दाढ आत्याने मागून घेतली होती. कागदाच्या पुडीतून ती घरी आली. ओसरीवर उजेडात बसून तिने ती उलटीपालटी केली, खड्ड्यात काडी घालून पाहिली, आणि पुडी माझ्या हातात देत म्हणाली, "आळी न्हाई रं ह्यात." मग तिला चहाचे आणि आम्लाचे सांगितले. तिने ऐकून घेतले. तेव्हापासून चहा दोनदाच घेते, रात्री चूळ भरून ब्रश करते, आणि गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यासाठी वर्षातून दोनदा डॉक्टरांना दाखवते. मशेरीची डबी कोनाड्यात आहे. तिच्याविषयी आमचे बोलणे चालू आहे.